पटाबाहेरून येणारे विमान

२२ जून २०२५च्या पहाटे, इराणी घड्याळात दोन वाजून दहा मिनिटे झाली असताना, फोर्डोच्या अणुकेंद्राच्या डोंगरावर पहिला बॉम्ब पडला. त्यानंतर पंचवीसेक मिनिटांत मोहिमेचा मारा संपलाही. सात अमेरिकी बी-२ बॉम्बर विमानांनी फोर्डो आणि नतान्झ मिळून १४ बॉम्ब टाकले. एकेकाचे वजन सुमारे १३.६ टन. ही विमाने अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातील व्हाइटमन तळावरून निघाली होती. लक्ष्यापर्यंत पोचायला त्यांना १८ तासांच्या आसपास लागले, आणि जाऊन-येऊन सुमारे ३७ तास. वाटेत हवेतच पुन्हा पुन्हा इंधन भरावे लागले. त्याच वेळी आणखी काही बॉम्बर उलट्या दिशेने, पॅसिफिककडे, मुद्दाम पाठवले होते. पाहणाऱ्यांचे लक्ष तिकडे वळावे हाच त्यांचा उद्देश. सगळी मिळून सव्वाशेहून अधिक विमाने या कामात गुंतली होती.

हीच मोहीम आता टेबलावर मांडायची आहे असे समजू. समोर षट्कोनी घरांचा छापील नकाशा, अर्ध्या इंचाच्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या, दोन फासे आणि जाडजूड नियमपुस्तिका. एक चाल म्हणजे एक दिवस धरला, तर सात विमानांची सगळी कथा एकदा फासे टाकले की संपली. एक चाल म्हणजे तीन मिनिटे धरली, तर सातशेहून अधिक चालींपैकी बहुतेक सगळ्या खेळाडूंना समुद्रावरून विमाने सरकवण्यातच घालवाव्या लागतील. नकाशा इराणपुरता ठेवला तर विमानांचा तळ त्यावर नाही. मिसूरीही दिसायला हवे म्हटले, तर फोर्डो ठिपक्याएवढेही उरत नाही.

सामरिक बॉम्बर, म्हणजे खंड ओलांडून शत्रूच्या मुलखात खोलवर मारा करणारे विमान, पटावर कसे दाखवावे यावर युद्धखेळ रचणारे चाळीस-पंचेचाळीस वर्षे वाद घालत आहेत. हा फक्त छंदिष्टांचा वाद राहिलेला नाही. अशाच पटांवर मांडलेल्या डावांचे निष्कर्ष आज संरक्षण खात्यांच्या खरेदीच्या चर्चेत मांडले जातात. म्हणून नियम कुठे पोचले आहेत आणि कुठे अडले आहेत, ते एकदा सलग पाहायला हवे.

बॉम्बर पटावर उशिरा का आला

आधुनिक युद्धखेळाची सुरुवात प्रशियातली. १८२४ साली राइस्विट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या खेळाला नवे रूप दिले: मोठ्या प्रमाणाचा नकाशा, दोन मिनिटांची एक चाल, नशिबासाठी फासे आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये बसलेला पंच. कोणाला काय दिसते आणि काय दिसत नाही हे पंच ठरवत असे. बॉम्बरच्या चर्चेत हा पंच पुढे पुन्हा भेटणार आहे. घरोघरी खेळता येईल असा युद्धखेळ मात्र अमेरिकेत १९५४ साली चार्ल्स रॉबर्ट्स यांनी ‘टॅक्टिक्स’ काढल्यावर सुरू झाला. पुढे १९६१च्या सुमारास षट्कोनी घरे आली आणि ती कायमची रुजली.

१९७०च्या दशकात मध्य युरोपातल्या काल्पनिक तिसऱ्या महायुद्धाचे खेळ धडाक्याने निघाले. त्यांत रणगाडे होते, तोफखाना होता, लढाऊ विमाने होती. अमेरिकेचे बी-५२ बॉम्बर मात्र जवळजवळ नव्हतेच, आणि कारण उघड होते. त्या काळात सामरिक बॉम्बर म्हणजे अण्वस्त्रांची गाडी असेच समीकरण होते. तो उडाला की खेळ संपला. मग त्याला सोंगटी कशाला? १९६५ साली डग्लस मलेविकी यांनी काढलेल्या ‘न्यूक्लिअर वॉर’ या पत्त्यांच्या खेळात बॉम्बर ठळकपणे दिसतो, पण त्या खेळात बहुधा सगळेच मरतात आणि तोच त्याचा मुद्दा आहे. लक्षात राहण्यासारखी गोष्ट अशी की त्या पत्त्यावरचे विमान बी-७० आहे. त्याचे फक्त दोन नमुने बनले. ते हवाई दलाच्या ताफ्यात कधीच दाखल झाले नाही.

हे समीकरण प्रत्यक्ष युद्धांनी मोडले. डिसेंबर १९७२मध्ये बी-५२ विमानांनी हनोई आणि हायफाँगवर साधे बॉम्ब टाकले. १९८२ साली ब्रिटनच्या व्हल्कनने फॉकलंडमधल्या स्टॅन्लीच्या धावपट्टीवर मारा केला. जानेवारी १९९१मध्ये लुइझियानातल्या बार्क्सडेल तळावरून सात बी-५२ निघाली, इराकवर ३५ क्रूझ क्षेपणास्त्रे सोडून सुमारे ३५ तासांनी परत उतरली. अणुयुद्ध न होताही बॉम्बर वापरात येतो हे सिद्ध झाल्यावर त्याला पटावर आणणे भाग पडले. मग नियमांची अडचण सुरू झाली.

सामरिक कोणाला म्हणायचे

पहिला घोळ व्याख्येचा. सोव्हिएत टीयू-२२एम, ज्याला नाटोने बॅकफायर असे नाव दिले, तो सामरिक की मध्यम पल्ल्याचा? सामरिक अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या सॉल्ट-२ कराराच्या वाटाघाटी या प्रश्नावर अडल्या होत्या. अमेरिकेतल्या गुप्तचर संस्थांचेच त्याच्या पल्ल्याबद्दल एकमत नव्हते. शेवटी जून १९७९मध्ये सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांच्या बाजूने लेखी हमी दिली गेली की या विमानाला हवेत इंधन भरण्याची सोय देऊन आंतरखंडीय पल्ला दिला जाणार नाही आणि वर्षाला तीसपेक्षा जास्त विमाने बनणार नाहीत. म्हणजे विमान तेच, पण इंधन घेण्याची नळी आहे की नाही यावर त्याची जात ठरली. खेळ रचणाऱ्यासाठी यात मोठा धडा आहे. पल्ला हा विमानाच्या अंगचा आकडा नसतो. टँकर, तळ आणि वाटेतल्या देशांची परवानगी मिळून तो ठरतो. सोंगटीवर एकच आकडा छापला की हे सगळे पुसले जाते.

उलट बाजूचे उदाहरण आपल्याकडचे आहे. भारतीय नौदलाची टीयू-१४२ विमाने १९८८पासून काही वर्षे गोव्यात दाबोळीच्या तळावर होती. टीयू-९५ या सोव्हिएत सामरिक बॉम्बरचाच तो सागरी अवतार. पण दाबोळीहून त्यांचे काम पाणबुड्या शोधण्याचे आणि समुद्र न्याहाळण्याचे. एकाच सांगाड्याच्या विमानाला पटावर दोन अगदी वेगळ्या सोंगट्या द्याव्या लागतात. भारताकडे सामरिक बॉम्बर नाहीत, त्यामुळे उपखंडावरच्या खेळांत हा प्रश्न अजून तरी कडेलाच राहतो. चीनच्या एच-६ बॉम्बर मालिकेमुळे तो तिथेही कडेला राहील असे वाटत नाही.

विमान हाच घटक

मांडणीच्या पद्धतींपैकी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सरळ पद्धत अशी: विमान हा घटक धरायचा, त्याचा वेग, रडार, शस्त्रे, फसवणुकीची साधने सगळी कोष्टकात भरायची आणि परिणाम आपोआप उमटू द्यायचा. याचा उत्तम नमुना म्हणजे लॅरी बाँड यांचा १९८०चा ‘हार्पून’. बाँड अमेरिकी नौदलात अधिकारी होते. नौदलाचा एक गोपनीय प्रशिक्षण-खेळ त्यांनी पाहिला होता. गुप्त आकड्यांशिवाय तसाच खेळ बनवता येईल का, या विचारातून हार्पून जन्मला. त्यात दोन प्रकारच्या चाली आहेत. शत्रू दिसेपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाच्या, आणि गाठ पडली की तीन तीन मिनिटांच्या. लांबचा प्रवास आणि क्षणाची चकमक एकाच पटावर बसवण्याचा हा उपाय आजही अनेक रचनाकार वापरतात.

याच खेळाच्या आधारे टॉम क्लॅन्सी आणि बाँड यांनी ‘रेड स्टॉर्म रायझिंग’ (१९८६) या कादंबरीतला विमानवाहू ताफ्यावरचा हल्ला घडवला. कादंबरीत जुनी सोव्हिएत बॅजर विमाने दुरून फसवी लक्ष्ये सोडतात, अमेरिकी लढाऊ विमाने त्यांच्यामागे धावतात आणि खरी बॅकफायर विमाने दुसऱ्या बाजूने येऊन क्षेपणास्त्रे सोडतात. हा प्रसंग रंगवण्याआधी तो पटावर खेळून पाहिला गेला होता. या पद्धतीची ताकद तिथे दिसते. बॉम्बरचे नशीब तो किती बळकट आहे यावर ठरत नाही. त्याला कोणी, कधी आणि कुठे पाहिले यावर ठरते. हे खेळाडूला सांगावे लागत नाही, डाव खेळताना ते त्याच्या अंगावर येते.

टीकाकारांचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. असा एक हल्ला खेळायला अख्खी दुपार जाते. आणि खेळाडूला उद्याची पर्वा नसते. डाव एका हल्ल्याचा असल्यामुळे तो सगळी विमाने पणाला लावतो. खरा सेनापती मात्र महिनाभराचा हिशेब करून, जेवढी परत येतील तेवढीच पाठवतो. सामरिक बॉम्बरच्या बाबतीत ही उणीव मला फार मोठी वाटते, कारण ही विमाने थोडी असतात आणि पटकन नवी बनत नाहीत. बी-२ एकूण २१च बनली. एक २००८ साली ग्वामला उड्डाण करताना पडले, एक २०२२च्या अपघातानंतर दुरुस्त न करण्याचे ठरले. उरली १९.

आधी लिहून दिलेला मार्ग

दुसऱ्या पद्धतीत विमानापेक्षा मोहिमेचा आराखडा महत्त्वाचा. ली ब्रिमिकोम-वूड यांचा २००४चा ‘डाउनटाउन’ हा उत्तर व्हिएतनामवरच्या हवाई युद्धाचा खेळ आहे. हल्ला करणारा खेळाडू डाव सुरू होण्याआधीच आत जाण्याचा, लक्ष्यावरून जाण्याचा आणि बाहेर पडण्याचा मार्ग आखून ठेवतो. एकदा निघाल्यावर त्याला मनासारखे वळता येत नाही. बचाव करणारा आपली क्षेपणास्त्रे लपवून मांडतो. डग्लस बुश यांनी हीच रीत पुढे नेऊन १९८७च्या काल्पनिक जर्मनीवर ‘रेड स्टॉर्म’ (२०१९) रचला.

या पद्धतीमागचे तर्कशास्त्र डिसेंबर १९७२ जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. १८ तारखेपासून बी-५२ विमाने ग्वाम आणि थायलंडमधल्या उ-तापाओहून हनोईवर जाऊ लागली. पहिल्या तीन रात्री जवळजवळ तोच मार्ग, तीच उंची, एकामागून एक लांबलचक रांग, आणि बॉम्ब टाकल्यावर तेच तीव्र वळण. त्या वळणात वारा समोरून येई, विमान मंदावे आणि त्याचे रडार गोंधळवणारे यंत्र जमिनीपासून भलतीकडे वळे. खाली क्षेपणास्त्रे डागणाऱ्यांना दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपर्यंत सगळे पाठ झाले. २० तारखेच्या एका रात्रीत सहा बी-५२ पडली. मार्ग ठरवणारे लोक होते नेब्रास्कात ओमाहाजवळच्या मुख्यालयात, रणभूमीपासून अर्ध्या जगापलीकडे. मग मार्ग बदलले, वेगवेगळ्या दिशांनी एकाच वेळी येणे सुरू झाले आणि नुकसान घटले. २९ तारखेला मोहीम थांबली तेव्हा १५ बी-५२ गमावली होती.

आता हा डाव खेळणाऱ्याला मोकळीक द्यायची का? एक पक्ष म्हणतो, द्यायची. खेळाडूला चूक करायला लावणे म्हणजे इतिहासाचे कठपुतळीनाट्य. त्याने पहिल्याच रात्री चार दिशांनी विमाने आणली तर त्याचे शहाणपण त्याला मिळू द्या. दुसरा पक्ष म्हणतो की मग तो बॉम्बर खेळतच नाही. हे विमान सात-आठ तास आधी निघते, त्याच्याबरोबर टँकर, रडार दाबणारी विमाने, लढाऊ संरक्षण हे सगळे मिनिटांच्या हिशेबात जुळवावे लागते. त्यामुळे ऐनवेळी बदल करणे हेच त्याला अवघड. ते अवघडपण नियमात नसेल तर पटावर उरते ते फक्त मोठे लढाऊ विमान. दोन्ही बाजू ऐकून मला दुसऱ्या पक्षाचे पारडे जड वाटते. पण आधी आखणी करायला लावणारे नियम नव्या खेळाडूला दमवतात, आणि अर्धा वेळ कागदावर रेघा ओढण्यात जातो, ही पहिल्या पक्षाची तक्रारही खरी आहे.

क्षेपणास्त्रांचे कोठार

गेल्या काही वर्षांत जोर धरलेली पद्धत विमानाला पटावर आणतच नाही. बॉम्बर पटाबाहेरच्या चौकटीत असतो, किंवा एका पत्त्यावर. वेळ आली की पत्ता खेळायचा, मारा करायचा, विमान पुन्हा बाहेर. ‘नेक्स्ट वॉर’ मालिकेत (कोरिया, तैवान, भारत-पाकिस्तान, पोलंड असे तिचे खंड आहेत) साध्या नियमांत हवाई शक्ती म्हणजे नुसते गुण. वेगवेगळ्या विमानांच्या सोंगट्या प्रगत नियमांत येतात. सेबॅस्टियन बे यांच्या ‘लिटोरल कमांडर’मध्ये खेळाडू सुरुवातीलाच ठरावीक गुणांत पत्ते विकत घेतो आणि दुरून येणारी मदत त्या पत्त्यांमधून येते. किनाऱ्यावरच्या तुकडीच्या कप्तानाला बॉम्बर तसाच भासतो: मागितला, आला, मारा करून गेला.

या पद्धतीचा सगळ्यात गाजलेला वापर वॉशिंग्टनच्या सीएसआयएस या संस्थेने केला. मार्क कॅन्शियन, मॅथ्यू कॅन्शियन आणि एरिक हेगिनबॉथम यांनी तैवानवरच्या काल्पनिक चिनी आक्रमणाचा डाव २४ वेळा खेळवला आणि जानेवारी २०२३मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात बॉम्बर निर्णायक ठरले, पण विमान म्हणून कमी आणि क्षेपणास्त्रांचे कोठार म्हणून जास्त. चिनी क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेरच्या तळांवरून यायचे, दुरून जहाजांवर क्षेपणास्त्रे सोडायची आणि परतायचे. जहाजविरोधी लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा साठा पहिल्या आठवड्यातच संपत होता. एका बी-१बी विमानाच्या पोटात अशी २४ क्षेपणास्त्रे मावतात. दहा विमानांची एक फेरी म्हणजे २४०. साठा शेकड्यांत मोजायचा असेल तर दोन-चार फेऱ्यांत कोठार रिकामे. लढाऊ विमानांपेक्षा बॉम्बरचा ताफा टिकवण्याला प्राधान्य द्यावे, अशी शिफारस अहवालात आहे.

या मांडणीचे गुण उघड आहेत. ती वेगवान आहे आणि खरी टंचाई कुठे आहे ते दाखवते. आक्षेप दोन. पहिला असा, की निकाल आधीच घातलेल्या गृहीतकांवर झुकतो. एखादे क्षेपणास्त्र चालत्या जहाजावर लागते की नाही, एवढ्या एका उत्तरावर डावाचा रंग पालटू शकतो. सीएसआयएसच्या रचनाकारांनी असे गृहीतक बदलूनही डाव खेळले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. पत्ता खेळला की विमान हजर, यात ते आणण्याची किंमत दिसत नाही.

ती किंमत कशी असते याचे धडधडीत उदाहरण १९८२च्या फॉकलंडवरच्या माऱ्याचे. ३० एप्रिलच्या रात्री असेन्शन बेटावरून दोन व्हल्कन निघाली, त्यातले एक राखीव. त्यांच्याबरोबर ११ व्हिक्टर टँकर. टँकर बॉम्बरला इंधन देत होते आणि बॉम्बरला पुढे इंधन देता यावे म्हणून एकमेकांनाही देत होते. पहिले व्हल्कन बिघाडामुळे परत फिरले, राखीव विमान पुढे गेले. सोळाएक तासांच्या फेरीत त्याने २१ बॉम्ब टाकले. धावपट्टीवर लागला एक. आता याला पत्त्यावर काय किंमत लिहायची? एका बॉम्बरची, की तेरा विमानांची? आणि त्या एका खड्ड्याचा परिणाम कसा मोजायचा, जेव्हा धावपट्टीवरच्या खड्ड्याहून मोठा परिणाम असा मानला जातो की अर्जेंटिनाला आपल्या राजधानीच्या संरक्षणाची काळजी करावी लागली? हा परिणाम नेमका किती होता यावर इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि त्या मतभेदाचे पडसाद नियमपुस्तिकांत उमटतात.

न दिसणारे विमान आणि फाशाचे गणित

स्टेल्थवर, म्हणजे रडारला जवळजवळ न दिसण्याच्या तंत्रावर, सगळ्यात जास्त वाद आहे आणि सगळ्यात कमी माहिती. बी-२ नेमके किती अंतरावर कोणत्या रडारला दिसते, हे जाहीर नाही. त्यापुढचे स्टेल्थ बॉम्बर बी-२१ नोव्हेंबर २०२३मध्ये पहिल्यांदा उडाले. त्याच्याबद्दल तर बाहेरच्यांना आकारापलीकडे फारसे कळत नाही. त्यामुळे खेळ रचणारे अंदाजाने चालतात. कोणी रडारचा टप्पा निम्मा-पाव करतो, कोणी बचावाच्या फाशातून काही गुण वजा करतो, कोणी सरळ लिहून टाकतो की या विमानावर हल्ला करताच येणार नाही.

शेवटच्या मताला मार्च १९९९ने धक्का दिला. सर्बियात बुद्यानोव्त्सी गावाजवळ जुन्या सोव्हिएत बनावटीच्या एस-१२५ क्षेपणास्त्राने अमेरिकेचे एफ-११७ हे स्टेल्थ विमान पाडले. ते विमान बॉम्बरपेक्षा लहान होते, पण स्टेल्थ म्हणजे अभेद्यपणा नाही हे दिसले. पुन्हा तीच गोष्ट: ठरलेला मार्ग, सावध प्रतिस्पर्धी, योग्य क्षणी चालू केलेले रडार. मात्र एका घटनेवरून शक्यता काढता येत नाही, आणि बी-२ लढाईत आजवर एकही पडलेले नाही.

यात अडचण फाशाचीही आहे, आणि तिची चर्चा पुरेशी होत नाही. दोन षट्फलकी फाशांवर सगळ्यात दुर्मीळ निकाल ३६त एक, म्हणजे सुमारे २.८ टक्के. तोच निकाल ‘विमान पडले’ असा धरला तरी सात विमानांच्या मोहिमेत निदान एक पडण्याची शक्यता जवळजवळ १८ टक्के होते. आता डिसेंबर १९७२ पाहा. ७२९ उड्डाणफेऱ्यांत १५ बी-५२ गेली. म्हणजे दर फेरीला दोन टक्क्यांच्या आसपास. ज्या मोहिमेतले नुकसान अमेरिकेला धक्कादायक वाटले, तिचे प्रमाणही दोन फाशांच्या किमान शक्यतेहून कमी! म्हणजे नेहमीच्या कोष्टकात बसवले की बॉम्बर आपोआप खऱ्यापेक्षा जास्त मरतो. दहा बाजूंचे दोन फासे वापरले तर एक टक्क्यापर्यंत उतरता येते, पण तेवढ्याने भागत नाही.

सोंगटीच्या प्रमाणाचाही घोळ आहे. स्क्वाड्रनला एक सोंगटी असा हिशेब धरला तर बी-२चा सगळा ताफा दोन सोंगट्यांत संपतो. नुकसान झाले की सोंगटी उलटी करायची आणि निम्मी शक्ती धरायची, हा सर्वमान्य नियम इथे लावला तर एका वाईट फाशात चार-पाच विमाने नाहीशी होतात. म्हणून काही रचनाकार बॉम्बरला मारतच नाहीत. वाईट निकाल आला तर मोहीम फसली, विमाने काही चालींपुरती दुरुस्तीला गेली असे धरतात. मला हा उपाय वास्तवाच्या जास्त जवळचा वाटतो. सामरिक बॉम्बरचा बचाव बहुतेक वेळा तो परत फिरण्यात असतो.

उरतो लपवाछपवीचा प्रश्न. समोरासमोर बसलेल्या दोघांच्या पटावर न दिसणारे विमान दाखवणे हाच विरोधाभास. रिकाम्या सोंगट्या, बनावट मार्ग, पडद्यामागचा दुसरा नकाशा असे उपाय आहेत. ब्रिमिकोम-वूड यांनी ‘नाइटफायटर’मध्ये (२०११) सरळ प्रशियाचा पंच परत आणला: एकाला सगळे दिसते, दुसरा अंधारात शिकार शोधतो. अनुभव विलक्षण खरा वाटतो. पण पंच व्हायला तयार असलेला माणूस दर वेळी मिळतोच असे नाही.

जमिनीवर उभे असलेले विमान

पटाबाहेरची चौकट सुरक्षित असते, या समजुतीवर कितीतरी खेळ उभे आहेत. तिथे विमान उतरते, इंधन घेते, पुढच्या चालीला पुन्हा येते. गेल्या काही वर्षांत ही समजूत कोसळली. डिसेंबर २०२२मध्ये रशियातल्या एंगल्स आणि द्यागिलेव्हो या बॉम्बर तळांवर युक्रेनच्या ड्रोनचे हल्ले झाले. १ जून २०२५ला ट्रकमधून आत नेलेल्या छोट्या ड्रोननी एकाच वेळी अनेक तळांवर बॉम्बर जाळले. त्यातला बेलाया तळ सायबेरियात, युक्रेनपासून ४००० किलोमीटरहून दूर. युक्रेनने ४१ विमानांना फटका बसल्याचा दावा केला, अमेरिकी अधिकाऱ्यांचे अंदाज त्याच्या निम्म्याच्या आसपास होते. आकडा कोणताही धरा, ज्यांचे उत्पादन कधीच थांबले आहे अशी टीयू-९५ त्यांत होती.

सीएसआयएसच्या तैवानवरच्या डावांतही बहुतांश विमाने हवेत नव्हे, जमिनीवरच नष्ट झाली होती. म्हणजे बॉम्बरच्या नियमांत तळाचे नियम मागून जोडलेले शेपूट म्हणून चालणार नाहीत. विमाने किती तळांवर विखुरली आहेत, त्यांना छप्पर आहे का, दारूगोळा आणि तंत्रज्ञ त्या तळावर आहेत का, विखुरल्यावर दिवसाला किती फेऱ्या निघतात? विखुरणे आणि फेऱ्यांचा वेग यांतली ओढाताण हा खेळाडूसाठी खरा निर्णय आहे, आणि तो आज फार थोड्या खेळांत करावा लागतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ड्रोनचा हा फटका एकदाच बसतो, नंतर तळ सावध होतात. त्यासाठी कायमचा नियम घालणे म्हणजे कालच्या बातमीवर खेळ बेतणे. पुढची काही वर्षे गेल्याशिवाय याचा निकाल लागणार नाही.

उडणारा इशारा

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, कारण त्यात बॉम्ब पडतच नाही. ऑक्टोबर १९६९मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी अण्वस्त्रे घेतलेली १८ बी-५२ उत्तरेकडे पाठवली. व्हिएतनामच्या प्रश्नावर मॉस्कोने हनोईवर दबाव आणावा म्हणून दिलेला तो इशारा होता. मॉस्कोने तो कसा वाचला, वाचला तरी का, यावर अभ्यासक आजही सहमत नाहीत. आजही संकट आले की ग्वाम, दिएगो गार्सिया किंवा इंग्लंडमधल्या फेअरफर्डला बॉम्बर येतात आणि ते आल्याची बातमी होणे हेच त्यांचे काम असते. पटावर मात्र मारा न करता घरी गेलेला बॉम्बर म्हणजे वाया गेलेली चाल.

याला जोडूनच दुहेरी क्षमतेचा प्रश्न येतो. रशियाचे ख-१०१ साधे क्षेपणास्त्र आहे आणि ख-१०२ त्याचेच अण्वस्त्रधारी भावंड; दोन्ही एकाच विमानाखाली लटकतात. पलीकडे रडारसमोर बसलेल्याला येणारे क्षेपणास्त्र कोणते, हे ते पडेपर्यंत कळणार नाही. बहुतेक बाजारी खेळ इथे एक कोष्टक देऊन मोकळे होतात: अमुक लक्ष्यावर मारा केला तर फासे टाका, बारा आले तर अणुयुद्ध, दोघेही हरले. रचनाकारांचे यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, याहून जास्त खोलात जाणे पटाचे काम नाही. तो राजकीय चर्चेच्या डावांचा प्रांत, जिथे फाशांऐवजी माणसे बसून निर्णय घेतात. दुसरा म्हणतो की कोष्टकामुळे खेळाडू चुकीची गोष्ट शिकतो. अणुयुद्ध नशिबाने होते असे त्याला वाटते, प्रत्यक्षात ते समोरच्याने काय समजून घेतले यावर अवलंबून असते.

मी दुसऱ्या बाजूने आहे, पण त्या बाजूकडे अजून चालणारा नियम नाही हेही मान्य करतो. हेतू लपवणारी आणि तरीही समोरच्याला वाचावी लागणारी सोंगटी, जिचा अर्थ दोन खेळाडू वेगवेगळा लावू शकतात आणि जिची किंमत दोघांनाही मोजावी लागते, अशी रचना काही पत्त्यांच्या खेळांत सापडते. बॉम्बरच्या पटावर ती आणण्याचे प्रयत्न तुरळक आहेत. बी-२१ किमान शंभर बनवण्याची योजना आहे आणि ते साधी व अण्वस्त्रे दोन्ही वाहणार आहे. त्याच्या सोंगट्या छापल्या जातील तेव्हा त्यांवरचे पल्ल्याचे आणि स्टेल्थचे आकडे अंदाजाचेच असणार, ते चालवून घेता येईल. विमान तळ बदलून पुढे आले आहे, एवढ्यावरून समोरच्या खेळाडूला काहीतरी ठरवावे लागेल असा नियम मात्र त्यांच्याबरोबर यायला हवा.